‘तो मी नव्हेच’ म्हणायला लागणारा वेळ

रोहित शेट्टीचा ‘सर्कस’ डिसेंबर २०२२मध्ये आला आणि आपटला. तेव्हा ओझरमध्ये आमच्या ग्रुपवर त्याची इतकी टिंगल झाली की तिकिटाचे पैसे वाचले. अलीकडे फोनवर पाहिला, तोही दोन हप्त्यांत. दोन रणवीर सिंग, दोन वरुण शर्मा, उटी, पैशांवर डोळा ठेवून असलेले चोर, त्यात आपला सिद्धार्थ जाधव. रंग तर डोळ्यांत जातील इतके. तरी हसू येत नाही. का येत नाही, हा प्रश्न मला सिनेमापेक्षा जास्त दिवस पुरला.

मूळ गोष्ट शेक्सपिअरची, ‘कॉमेडी ऑफ एरर्स’. ती सुरू कशी होते माहितीये? एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला मृत्युदंड सुनावला जातो तिथून. गुन्हा एवढाच, की तो सिराक्यूजचा आहे आणि इफिससमध्ये सापडला. हजार मार्क भर, नाहीतर संध्याकाळी मर. पुढचा सगळा गोंधळ, नोकरांना पडणारा मार, स्वतःच्याच घराबाहेर अडकलेला नवरा, हे त्या टांगत्या तलवारीखाली चालतं.

गुलजारांनी ‘अंगूर’मध्ये (१९८२) फाशी काढली, पण भीती ठेवली. संजीव कुमारचा परगावचा अशोक द्राक्षबाग घ्यायला पैसे घेऊन येतो. (निफाड तालुक्यातल्या माणसाला हे कारण लगेच पटतं.) डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचून त्याचं डोकं फिरलेलं. अनोळखी बाई नवरा समजून घरी न्यायला लागते, तर याला वाटतं, टोळी मागे लागली. आपण हसतो, कारण तो खरंच घाबरलेला असतो. ‘सर्कस’मध्ये चुकीच्या ओळखीची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. शॉक बसतात, तेही फुकट.

मला टोचतं ते मात्र पुढचं. अशा गोष्टींत, चांगल्या असोत की फसलेल्या, कोण कोण आहे हे प्रेक्षकाला कायम माहीत असतं. चुकतात ते गावातले लोक. त्या माहीत असण्याची इतकी सवय लागते की थिएटरबाहेरही आपण प्रेक्षकच आहोत असं वाटत राहतं. प्रत्यक्षात आपण त्या गावातले असतो.

१ जुलै २०१८. राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. ओझरहून सटाण्याच्या बाजूने काही तासांचा रस्ता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण आठवडे बाजारात आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर आधीच फिरत होते. जमावाने त्यांनाच ती टोळी ठरवलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले.

यावर एक मित्र म्हणाला, ‘लोक घाबरले होते यार, मुलांचा प्रश्न होता.’ मान्य. लेकरांसाठी वाटणारी भीती खोटी नसते आणि अनोळखी माणसाला ओळखण्यात चूक कुणाचीही होईल. त्या चुकीला मी गुन्हा म्हणणार नाही. पण चूक झाली आणि दार बंद झालं, या दोन्हींच्या मध्ये काही वेळ असतो. तो नाकारणं ही चूक नाही, ते कुणीतरी ठरवून करतं. इफिससच्या ड्यूकनेसुद्धा त्या म्हाताऱ्याला संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. म्हणून तर ती कॉमेडी होऊ शकली.

अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२चं. पणशीकरांचा लखोबा लोखंडे पक्का ठक, तरी त्याला कोर्ट मिळतं, साक्षीपुरावे होतात, अख्खं नाटकभर तो हेच एक वाक्य सांगत राहतो. राईनपाड्यातल्या पाच जणांच्या तोंडी हेच वाक्य खरं होतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे मशीन कधी हो-नाही असं सांगत नाही, ते स्कोअर देतं. किती स्कोअरला ‘हाच तो’ म्हणायचं, हे मीटिंगमध्ये आमच्यापैकीच कुणीतरी ठरवतं. काठावरच्या नोंदी माणसाने डोळ्यांखालून घालायच्या, असा एक टप्पा डिझाइनमध्ये असतो. रिलीजची घाई झाली की सगळ्यात आधी त्यालाच कात्री लागते. प्लॅनच्या शीटवर त्याच्यासमोर ‘डिले’ असं लिहिलेलं असतं.