कुंपण आणि फाटक

दिवाळीचा फराळ पुढे आला की मला आमच्या आळीतल्या एका आजींची आठवण होते. घरोघर चकल्या करून देऊन त्यांनी दोन मुलांची शिक्षणे केली. भाजणीचे प्रमाण मात्र त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितले नाही. आम्ही पोरे त्यांना कंजूष म्हणत असू. त्या गेल्या आणि ती चव आळीतून कायमची गेली. पण आज वाटते, त्यांना दोष कसा द्यावा? ते प्रमाण हीच त्यांची शेतीवाडी होती.

ज्ञान वाटावे की राखावे? १९२३ साली इन्सुलिनचे पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी एकेक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. आपले हात सहज जुळतात. पण नुसत्या त्यागावर कारखाने उभे राहत नाहीत. १९७६ साली स्वॉन्सन आणि शास्त्रज्ञ बॉयर यांनी ‘जेनेन्टेक’ ही कंपनी काढली. तिच्या प्रयोगांतून सूक्ष्म जंतूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेता आले आणि १९८२ साली ते औषध म्हणून मंजूर झाले. अशा वर्षानुवर्षांच्या खटपटीत पैसा घालणारा मनुष्य एवढे विचारणारच, की उद्या पीक आले तर ते माझे राहील ना?

म्हणून कुंपण हवे. पण त्याला फाटकही हवे. जनुके जोडण्याची जी युक्ती कोहेन आणि बॉयर यांनी शोधली, तिचे पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाने एकाच्याच घशात घातले नाही. फी भरील त्याला परवाना दिला. चारशेंहून अधिक कंपन्यांनी तो घेतला आणि एक नवा धंदाच उभा राहिला. उलट, स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर ‘मिरियड’ कंपनीने हक्क सांगितला, तेव्हा अमेरिकेतल्या बायकांना तपासणीची खात्री दुसरीकडे करून घेण्याची सोय उरली नाही. येथे कुंपणच शेत खाऊ लागले होते. निसर्गाने घडवलेले जनुक केवळ वेगळे काढल्याने कुणाच्या मालकीचे होत नाही, असा निवाडा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला.

पेटंट म्हणजे गुपित नव्हे. गुपित जगापुढे उघड करावे आणि त्याबदल्यात ठरावीक मुदतीपुरता हक्क घ्यावा, असा तो सौदा आहे. आमच्या आजींना कुणी म्हटले असते, “आजी, प्रमाण लिहून द्या. वीस वर्षे तुमच्यावाचून आळीत कुणी ही चकली विकणार नाही,” तर त्यांनी ते खचित लिहून दिले असते. त्यांची मुलेही शिकली असती, आणि आज आमच्या ताटात ती चकलीही असती.