यंत्राची नियत

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. गोल राहू द्या. चेंडूला किती वेळा पाय लागला यावरच गुण मिळाले असते, तर ती पोरं कशी खेळली असती?

संगणकावर फुटबॉल शिकणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हे घडलेले आहे. चेंडूला स्पर्श केला की बक्षीस, असे ठरवले; तर हा पठ्ठ्या चेंडूला खेटून नुसता थरथरत राहिला. जितके स्पर्श तितकी कमाई! १९९९ च्या एका शोधनिबंधात ही हकिकत आहे. यंत्राला दोष द्यावा, तर त्याने सांगितले तेच केले. तसबीहचे मणी ओढत सवाबचा हिशेब मांडणारे आपण तरी (मी धरून) वेगळे काय करतो?

मग माणसानेच पाहून शिकवावे, असा उपाय निघाला. २०१७ मध्ये दोन-दोन चित्रफिती दाखवून 'यातली बरी कोणती?' एवढेच माणसाला विचारले. सुमारे नऊशे उत्तरांत संगणकातले यंत्र कोलांटउडी शिकले. पण त्याच प्रयोगांत वस्तू पकडायला शिकणाऱ्या एका यांत्रिक हाताने वस्तू पकडलीच नाही. तो कॅमेरा आणि वस्तू यांच्यामध्ये जाऊन राहिला. पाहणाऱ्याला पकडल्यासारखे वाटले.

आपण याला रिया म्हणू. पण रिया करणाऱ्याला आपण गुन्हेगार मानतो ते त्याच्या नियतीमुळे. इथे नियत मुळी नाहीच, तरी दिखावा जमला. पाहणाऱ्याची नजर तेवढी पुरली. पोराला नमाजला उभे करून मागून त्याचा सजदा तपासणाऱ्या बापाची आठवण मला इथेच झाली.