तितिक्षेचा अधिकार

गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत पंढरपुरात श्रीविठ्ठलाच्या मूर्तीला रोज चंदनाची उटी लावतात. सहाणेवर उगाळलेल्या त्या गंधाचा लेप सावळ्या अंगावर चढू लागला, की गाभाऱ्यात असा काही शीतल परिमळ दरवळतो, की दर्शनबारीत ताटकळून घामाघूम झालेल्या भाविकाला क्षणभर आपल्याच देहाचा दाह शमल्याचा भास व्हावा. ज्याला शीतोष्णादी द्वंद्वांचा स्पर्शही संभवत नाही असे वेदान्त कंठरवाने सांगतो, त्या परब्रह्माला वैशाखातले ऊन सोसवणार नाही, असे मानणारी ही श्रद्धा तर्काच्या कसोटीला उतरणार नाही हे उघड आहे. तरीही मला ती त्या तर्काहून अधिक शहाणी वाटत आली आहे.

एका वैशाखात उटीची पूजा पाहून, कपाळी गंधाचा टिळा घेऊन आम्ही दोघे स्नेही गावाबाहेरच्या मुक्कामाकडे निघालो असता वाटेत रस्त्याच्या डांबरीकरणाचे काम चालले होते. डांबर सुमारे 150 अंशांपर्यंत तापवल्याखेरीज ते खडीला नीट धरत नाही. त्यामुळे एकीकडे भट्टी धडधडत होती, दुसरीकडे नुकत्याच पसरलेल्या थरातून वाफा निघत होत्या, आणि या दोहोंच्या मधून, पायांना गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळलेली, डोक्यावर चुंबळ व चुंबळीवर घमेले घेतलेली माणसे खेपा घालीत होती. सावली म्हणावी अशी वस्तू तेथे एकच होती, ती मुक्कादमाची छत्री. माझे स्नेही स्वभावाने कनवाळू, उभी हयात कचेरीत काढलेले, ते थोडे थबकले, हळहळले, आणि मग स्वतःचीच समजूत घालावी तसे म्हणाले, “त्यांना सवय असते हो.”

हे वाक्य आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा उच्चारलेले असते. ते निखालस खोटे असते, तर त्याचा विचार करण्याचे कारण नव्हते. पंचाईत अशी, की ते अर्धे खरे आहे. उन्हात राबू लागलेला देह आठवड्या-दोन आठवड्यांत स्वतःत पालट घडवून आणतो. घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो, आणि त्यावाटे जाणारे मीठ कमी होते. ऊन लागून कोसळणाऱ्यांत नव्याने कामावर आलेल्यांचा भरणा पुष्कळ असतो, तो यामुळेच. पण श्रमणाऱ्या स्नायूंना मिळालेल्या शक्तीपैकी जेमतेम चौथा हिस्सा कामी लागतो आणि उरलेल्या तीन हिश्शांची उष्णताच होते, म्हणजे राबणारा माणूस ही स्वतःच एक भट्टी असते, या गोष्टीत सवयीने काडीचाही फरक पडत नाही. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत तो वाळतो, कोकणातल्या दमट हवेत नुसता ओघळतो. मात्र भर उन्हातल्या जड कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि तेवढे पाणी पोटात गेले नाही, तर सवय असो वा नसो, रक्तातूनच ते वसूल होते. देहाचा हा जमाखर्च मोठा चोख असतो. त्यात सूट नाही, तहकुबी नाही.

परंतु सवयीचा हा युक्तिवाद वैद्यकापुरता असता, तर वैद्यांनीच त्याचा निकाल लावला असता. त्याची मुळे अधिक खोल गेलेली आहेत. ज्या संस्कृतीत शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख ही येणारी-जाणारी, म्हणून सोसण्याजोगी आहेत, असा उपदेश गीतेच्या दुसऱ्याच अध्यायात येतो. जिच्या जैन परंपरेने मुनीने सोसावयाच्या 22 परीषहांत उष्णतेची गणना केली. जिच्या वेदान्ताने साधकाच्या शमदमादी सहा संपत्तींत तितिक्षेला स्थान दिले. त्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याचे सोसणे पाहून करुणेआधी किंचित आदर वाटतो, आणि आदर वाटला की हात आपोआप आखडता येतो. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेचे जे लक्षण केले आहे, त्यात दुःखाचा प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता ते सोसणे अभिप्रेत आहे. रस्त्यावरच्या त्या बायामाणसांना हे लक्षण अक्षरशः लागू पडत होते. प्रतिकार नव्हता, विलापही नव्हता. मग ती सगळी मुमुक्षू होती की काय?

येथे आपण एक गोष्ट विसरतो, आणि ती विसरणे फार सोयीचे असते. वेदान्ताला अधिकाराचा विचार मोठा कडक आहे. नित्यानित्याचा विवेक आणि भोगांविषयीचे वैराग्य आधी, तितिक्षा त्यानंतर, असा हा क्रम आहे. आणि ज्याच्या हाती प्रतिकाराचे साधन आहे, त्याने ते आपण होऊन बाजूला ठेवले, तरच त्याच्या सोसण्याला साधनेची प्रतिष्ठा येते. कालिदासाची पार्वती कुमारसंभवात ऐन ग्रीष्मात चार अग्नींच्या मध्ये बसून सूर्याकडे दृष्टी लावते, तेव्हा मनात आणील तर त्या वर्तुळाबाहेर येण्यास तिला कोणाचा मज्जाव नव्हता. पर्वतराजाचे घर तिची वाट पाहत होते. भट्टीपाशी उभ्या असलेल्या बाईला असे घर नसते. ती वर्तुळाबाहेर आली, की हजेरीपटावरून तिचे नाव उतरते. दोघींच्या देहाला पोळणारा अग्नी एकाच जातीचा असेल, पण एकीचे ते तप आहे आणि दुसरीचा तो केवळ ताप आहे.

तप आणि ताप ही दोन्ही रूपे एकाच धातूपासून आली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच्या जोडीला आणखी एक शब्द मांडून पाहावा, असे मला पुष्कळदा वाटते. जो श्रम करतो तो श्रमण, असे व्युत्पत्ती सांगते. पण त्या नावाचा मान मिळाला, तो यतीला. म्हणजे उन्हाने तापणे आणि कष्टाने शिणणे हे जे कष्टकऱ्याचे रोजचे भागधेय, त्यावरूनच आपण संन्याशाची दोन अत्यंत गौरवाची नावे घडवली, आणि ज्याच्या घरून ही शब्दसंपत्ती उचलली, त्याच्या वाट्याला मजूर हा परभाषेतला, मोबदल्याची याद देणारा शब्द ठेवला. भाषाशास्त्रज्ञ याला फार अर्थ देणार नाहीत; मीही देत नाही, फक्त नोंद करतो.

दुसऱ्याचे सोसणे हे त्याचे प्रारब्धच, असे म्हणणाऱ्यांविषयी अधिक लिहीत नाही. स्वतःला साधी ठेच लागली, तर हे लोक प्रारब्धाआधी हळदीची वाटी शोधतात.

गीतेनेच पुढे सतराव्या अध्यायात या विषयाची दुसरी बाजू मांडली आहे, तिचा उल्लेख मात्र फारसा होत नाही. देहातल्या भूतसमुदायाला आणि अंतर्यामी वसणाऱ्या भगवंताला कृश करणाऱ्या घोर तपाचा तेथे निषेध आहे; आणि स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. मग जे तप एकाने करावयाचे आणि ज्याचे फळ, म्हणजे गुळगुळीत रस्ता, दुसऱ्याने भोगावयाचे, ते कोणत्या वर्गात घालावे? या प्रश्नाचे उत्तर मला टीकाकारांत मिळालेले नाही. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे, की तितिक्षा हा प्रथमपुरुषी एकवचनी सद्गुण आहे. ‘मी सोसीन’ या वाक्यात तो शोभतो, ‘तू सोस’ म्हणताच तो नासतो, आणि ‘त्यांना सवय असते’ म्हटल्यावर तर त्याची निव्वळ पळवाट होते.

अर्थात वैशाखात काम निघते, ते कोणाच्या क्रौर्यामुळेच निघते असे नाही. शेते मोकळी असतात, हात रिकामे असतात, डांबराला कोरडी तापलेली हवा मानवते, आणि मृगाआधी रस्ता झाला नाही, तर पावसाने केलेल्या चिखलातून वारकऱ्यांनाच चालावे लागते. कामाची वेळ पहाटेवर आणावी, भर दुपारी ते बंद ठेवावे, जवळ पाणी आणि सावली असावी, असे सरकारी हुकूमही निघतात. पण काम मापावर अंगावर घेतलेले असेल, तर सावलीत टेकणाऱ्याचा दाम त्या सावलीतच बुडतो. माणूस मग स्वतःच स्वतःचा मुक्कादम होतो, आणि पाहणाऱ्याला तो मोठा सोशिक दिसतो. विसाव्याची मजुरी धरल्यावाचून सावलीचा हुकूम हा कोरड्या माठासारखा आहे.

स्वतः सोसणे आणि दुसऱ्याला सोसायला लावणे यांतला भेद आमच्या संतांना कळला होता. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला नेत असता तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव एकनाथांना दिसले, आणि त्यांनी ते पाणी त्याच्या मुखात घातले, ही कथा सर्वश्रुत आहे. गोदावरीच्या वाळवंटात भर दुपारी पाय पोळून रडणारे, शिवाशिवीच्या काळात ज्याला कोणी हात लावला नसता असे पोर त्यांनी कडेवर घेतले, अशीही आख्यायिका पैठणची माणसे सांगतात. कावड वाहताना पायांखालची तीच वाळू नाथांना पोळली नसेल काय? त्याविषयी कथा चकार शब्द काढीत नाही. स्वतःचे पोळणे त्यांनी सोसले. गाढवाला आणि पोराला तितिक्षा शिकवीत ते बसले नाहीत. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान करावा, वाटेवर पाणपोई घालावी, हा आपला शिरस्ताही याच समजुतीतून आला असावा. आणि चंदनाच्या उटीचे शहाणपण मला वाटते ते येथेच: ज्याच्यावर प्रेम आहे, त्याला ऊन लागत नाही, असे मानायला ती तयार नाही.

आम्ही पुढे निघणार, इतक्यात मुक्कादमाने शीळ घातली आणि माणसे घमेली उतरवून खडीच्या ढिगाआड बसली. तेवढ्यात, मघापासून माझ्या कपाळाकडे पाहणारी एक वयस्क बाई उठली, गोणपाटाने लपेटलेल्या घागरीतून तिने तांब्याभर पाणी काढले आणि पुढे केले. पाणी कोमट होते. मी ते पिऊन तांब्या परत देताना तिने विचारले, “आज उटी झाली का वो देवाची?”

“झाली, मावशी.”

“लावली न्हवं समद्या अंगाला?”

“लावली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “ऊन लई हाय.”