दुष्काळ दोन्ही गावांत

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात गावं ओस पडायला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात. त्यात भांडीकुंडी, बाजरीची पोती, सरपण, तान्ही लेकरं, एखादी शेळीही. ऊसतोडीसाठी मुक्काम पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळा बुडू नये म्हणून त्यांच्यापाशी ठेवलेली काही मुलं.

कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: दुष्काळ. ते खोटं नाही. मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, जमीन हलकी, भरवसा एका खरिपावर. पण पाऊस हुकला म्हणून माणसं नेमक्या एकाच दिशेने का जातात, हे त्यातून कळत नाही. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे धरणं-कालव्यांच्या आधाराने उसाचा पट्टा पसरत गेला. पाणी जिथे साठलं तिथे काम साठलं आणि कोरड्या तालुक्यांतले हात त्या कामाला जुंपले गेले. ही वाट निसर्गाइतकीच धोरणांनीही पाडली आहे.

या वाटेवरचा पहिला टप्पा म्हणजे उचल. पावसाळ्यात हात रिकामे असताना मुकादम, म्हणजे तोडणीसाठी मजूर जमवणारा कंत्राटदार, आगाऊ रक्कम देतो. त्यातून बियाणं येतं, दवाखाना निघतो, मुलीचं लग्न पार पडतं. हिशेब माणशी नसतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्याच्यासाठी दुष्काळी वर्षाचा विमा हाच. फरक एवढाच, की या विम्याचा हप्ता अंगमेहनतीने फेडायचा आणि फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही. एक दिवस आजारपणात गेला तरी खाडा लागतो आणि त्याचे पैसे उचलीत चढतात.

काम पहाटे अंधारातच सुरू होतं. नवरा बुडख्यापासून ऊस तोडतो, बायको पाचट सोलून मोळ्या बांधते. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. वाहन रात्री दोनला आलं तर रात्री दोनला भरायचं. उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, विकून चार पैसे सुटतात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे 366 रुपये झाला. दिवसभर राबून जोडप्याच्या हातून दीड-दोन टन निघतो.

खरी मेख पुढे आहे. दुष्काळ फक्त बालाघाटात पडत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा उसाच्या पट्ट्यातही लागणी आटल्या होत्या. 2015-16 मध्ये राज्यात सुमारे 84 लाख टन साखर झाली होती. पुढच्या हंगामात ती 42 लाख टनांवर आली. ऊस निम्मा म्हणजे तोडणी निम्मी. हंगाम लवकर संपला, उचल मात्र पूर्ण घेतलेली. बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर.

आणि पाऊस भरपूर झाला तर? 2021-22 मध्ये राज्यात 137 लाख टन साखर झाली आणि हंगाम जूनपर्यंत लांबला. मे महिन्याच्या उन्हात तोडणी चालली. पेरणीआधी घर गाठण्याची घाई आणि शेतात उभा ऊस, अशा कात्रीत माणसं अडकली.

बायकांच्या शरीरावर याचं ओझं सर्वांत जड पडतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात शासनाने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढल्याचं आढळलं. फडात न्हाणीघर नाही, विश्रांती नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. अशा कामापुढे शस्त्रक्रियाच सोयीची वाटावी, हेही दुष्काळाशी ‘जुळवून घेणं’ म्हणायचं का?

स्थलांतर थांबवणारी गावं नाहीत असं नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने डोंगरावर चर खोदले, शेतीसाठी बोअर आणि ऊस-केळी यांना मनाई केली, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला. गाव सोडून गेलेली कुटुंबं परतली. तिथल्या यशात माथ्यावर पाणी अडवण्याइतकाच खाली उपसा आवरण्याचा वाटा होता. मराठवाड्यात मात्र दुष्काळाच्या ऐन पट्ट्यातही ऊस आणि कारखाने वाढत गेले.

आता फडात हार्वेस्टर उतरू लागली आहेत. कष्ट कमी होतील, पण कोयत्याचं कामही. त्याआधी करारात एक साधी गोष्ट आणता येईल: हवामानामुळे हंगाम तुटला तर उरलेल्या उचलीचा भार कारखाना, वाहतूकदार आणि शासन यांनी वाटून घ्यावा. पीक बुडालेल्या शेतकऱ्यासाठी विमा योजना आहे. त्याच उसावर पोट असलेल्या तोडणी मजुराचा बुडालेला हंगामही नुकसान म्हणून मोजला जायला हवा.