नाताळचे कष्ट कोणाचे?

आगमनकाळ सुरू झाला, की १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतातील आपल्या खानदेशी धर्मग्रामांत करंज्या, शंकरपाळे आणि चकल्यांचे वेध लागतात. त्याचबरोबर एक जुना वादही डोके वर काढतो. सणाचे पदार्थ घरीच करावेत, की विकत आणले तरी चालतील? वरवर हा सोयीचा प्रश्न आहे. परंतु 'विकतच्या फराळात माया नसते' असे वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा तो नीतीचा प्रश्न होतो. कारण नोकरी करून थकून आलेल्या गृहिणीविषयीचा निवाडाच त्या वाक्यात दडलेला असतो.

हातच्या कामाची थोरवी मानणाऱ्यांत अमेरिकेतील आमिश समाज प्रसिद्ध आहे. याकोब अम्मान यांच्या अनुयायांचा हा पुनर्बाप्तिस्मावादी पंथ १६९३ मध्ये युरोपात वेगळा झाला. त्यांचा नाताळ साधा असतो. झगमगाट नसतो, घरचे जेवण आणि आप्तेष्टांच्या भेटी यांतच सण साजरा होतो. एखादे नवे यंत्र घरात घेण्यापूर्वी त्याने कुटुंब व शेजार जवळ येतील की दुरावतील, याचा ते विचार करतात. मात्र पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात याच हातांनी केलेले पाव, मुरंबे आणि गोधड्या पर्यटकांना विकल्या जातात. हातची वस्तूही बाजारात जातेच. मग माया वस्तूतच असते, असे कसे म्हणावे?

याचे उत्तर आपल्या खानदेशातील मांड्यांपाशी सापडते. सैल कणकेत पुरण भरायचे, पोळी हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. एकीने पुरण भरावे, दुसरीने पोळी झेलावी, तिसरीने जाळ सांभाळावा, तेव्हाच हे काम सुखाचे होते. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन चांदणी करणाऱ्या बापलेकांचेही तसेच. चांदणी थोडी वाकडी झाली तरी चालते. ती करताना गेलेली संध्याकाळ सरळ असते. माया वस्तूत नसून त्या सोबतीत असते.

परंतु हीच सोबत नसेल तर? सारे घर गोठ्याभोवती गाणी म्हणत बसले आहे आणि एकटी आई मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत कढईपाशी उभी आहे, हे चित्र अनोळखी नाही. तेथे घरच्या करंजीत माया असेल, पण ती एकट्या आईची. बाकीच्यांनी तिचा केवळ उपभोग घेतला. लूकच्या शुभवर्तमानातील मार्थेची कथा आपण अनेकदा सोयीने वाचतो. प्रभूने तिच्या चिंतेला आवर घातला, तिच्या सेवेला हिणवले नाही. आपण मात्र मरियेची जागा स्वतःकडे ठेवून मार्थेला पुन्हा स्वयंपाकघरात धाडतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले. स्वयंपाकघरातील सेवा सर्वांनी आळीपाळीने करावी. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेल्याखेरीज कोणालाही सूट नसावी, असे त्यांत सांगितले आहे. प्रार्थनेला वाहिलेल्या माणसांनाही त्यांनी भांडी घासण्यातून मोकळे केले नाही, कारण एकमेकांची सेवा करण्यातूनच प्रीती वाढते, अशी त्यांची श्रद्धा होती.

तेव्हा घरचे की विकतचे, हा प्रश्न दुय्यम आहे. कष्ट कोणाचे आणि ते वाटून घेतले काय, हा खरा प्रश्न आहे. विकतची करंजी घेऊन सारे कुटुंब आजारी शेजाऱ्याकडे गेले, तर तो नाताळ उणा नाही. मात्र विकत आणून वाचलेला वेळ कोणाच्याच वाट्याला आला नाही, तर सोय झाली, सण झाला नाही. यंदा पदार्थांची यादी करण्याआधी घरातील हातांची यादी करावी. गोठ्यात जन्मलेल्या बाळाला पंचपक्वान्नांची वाण नको होती. त्याला जागा करून देणारी माणसे हवी होती.