नवी नळी, जुनी गाडी: मूळपणाचा एक प्रश्न

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन करताना इंजिनातील जळलेला वायू गाडीच्या कोणत्या बाजूने, किती नळ्यांतून आणि कोणत्या वळणाने बाहेर काढायचा, हा निर्णय वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु एखादी वस्तू ‘मूळ’ आहे असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न या निर्णयात जितक्या उघडपणे समोर येतो, तितका तो गाडीच्या रंगाच्या किंवा आसनांच्या बाबतीत क्वचितच येतो. याचे कारण या अवयवाच्या स्वभावात आहे. पेट्रोल जळताना त्यातील हायड्रोजनचे पाणी होते, आणि एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने या नळ्यांतून जाते. गाडी थोडेसे अंतर चालवून थांबवली की ती वाफ थंड नळीत आणि सायलेन्सरमध्ये, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्यात, साचते आणि पोलाद आतून गंजत जाते. साध्या पोलादाची ही जुळणी काही वर्षांनी बदलावी लागणार हे ती बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे साठ वर्षांच्या गाडीवर कारखान्यातलीच नळी शिल्लक असणे हा दुर्मीळ योग असतो, आणि ‘मूळ तेच ठेवावे’ हा पुनरुज्जीवनाचा पहिला नियम येथे पाळायचा म्हटले तरी पाळता येत नाही.

फोर्ड कंपनीच्या १९६५ सालच्या मस्टँग गाडीचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे, कारण त्या एकाच गाडीत धूर बाहेर काढण्याच्या निरनिराळ्या रचना कारखान्यातूनच आल्या होत्या. सहा सिलिंडरच्या साध्या गाडीत एकच नळी मागच्या आसावरून जाऊन बंपरखाली संपत असे. आठ सिलिंडरच्या, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन तिरप्या ओळी असलेल्या व्ही-८ इंजिनाच्या काही गाड्यांत प्रत्येक ओळीला स्वतंत्र नळी मिळे. एप्रिल १९६५ मध्ये आलेल्या ‘जीटी’ या जादा साहित्याच्या संचात या दोन नळ्यांची कर्ण्यासारखी तोंडे मागच्या बंपरखालील पत्र्याला पाडलेल्या खाचांतून बाहेर येत, आणि हा संच २२५ किंवा २७१ अश्वशक्तीच्या इंजिनांसोबतच मिळत असे. कॅरोल शेल्बी यांनी याच गाडीवरून तयार केलेल्या १९६५ च्या ‘जीटी ३५०’ मध्ये नळ्या मागच्या चाकांच्या पुढेच, गाडीच्या बाजूंनी बाहेर काढल्या होत्या. पुढच्या वर्षी बहुतेक गाड्यांत त्या पुन्हा मागे नेण्यात आल्या. आज यांपैकी कोणत्याही रचनेचे सुटे भाग नवे तयार मिळतात आणि कोणतीही रचना कोणत्याही मस्टँगला थोड्याफार फेरफाराने बसवता येते, आणि नैतिक प्रश्न उभा राहतो तो या सोयीमुळेच.

अवयव बदलले तरी वस्तू तीच राहते का, याचे भारतीय परंपरेतील एक प्रसिद्ध उत्तर रथाच्याच उदाहरणाने दिले गेले आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंद याला विचारतात की आस, चाके, जू, दांडी यांपैकी रथ कोणता; आणि संवादातून निष्पन्न असे होते की ‘रथ’ ही त्या अवयवांच्या आधाराने चालणारी संज्ञा, म्हणजे व्यवहारातले नाव आहे, अवयवांखेरीज रथ नावाचा वेगळा पदार्थ सापडत नाही. वैशेषिक मताला हे मान्य नाही. त्या मतानुसार अवयवांहून भिन्न असा ‘अवयवी’, म्हणजे अवयवांत राहणारा संपूर्ण पदार्थ, खरोखर उत्पन्न होतो. मात्र याची किंमत अशी की एक अवयव जरी काढला तरी जुना अवयवी नष्ट होऊन नवा निर्माण झाला असे मानावे लागते, आणि फाडलेल्या वस्त्राच्या उरलेल्या भागाला ‘खंडपट’ हे वेगळे वस्त्र म्हणावे लागते. काटेकोर वैशेषिकाच्या दृष्टीने नळी बदललेली मस्टँग ही त्या क्षणी जन्मलेली गाडी ठरेल. तर्क म्हणून हे मत भक्कम असले, तरी साठ वर्षे एका घरात वाढलेल्या गाडीचा इतिहास त्यात कुठे साठवावा हे सांगता येत नाही, आणि या एका बाबतीत नागसेनांचे उत्तर अधिक कामाचे आहे.

हाच वाद १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात गेला होता. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग बदलत गेले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला जीवघेणा अपघात झाला आणि ती पुन्हा बांधण्यात आली. एक कोटी पौंडांच्या सौद्यानंतर ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे म्हणून खरेदीदार मागे हटले, तेव्हा न्यायमूर्ती ऑटन यांनी १९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीच आणि १९३० च्या गाडीचे मोजकेच भाग उरले असल्याचे मान्य केले. तरीही ती गाडी मध्येच संपून दुसरी सुरू झाली असे कधी घडले नाही, तिच्या बदलांची साखळी अखंड आहे, म्हणून ते नाव धारण करण्याचा तिला अधिकार आहे, असा निर्णय विक्रेत्याच्या बाजूने दिला. या निर्णयाचे खरे मोल असे की त्यात द्रव्याचा दावा आणि नावाचा दावा वेगळे केले गेले. पण अखंड इतिहासामुळे ‘ही तीच गाडी का’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरी तिला आता कोणती नळी बसवावी हे त्यातून कळत नाही.

ते कळण्यासाठी ‘तीच का’ या प्रश्नाकडून ‘खरे काय’ या प्रश्नाकडे वळावे लागते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याची जी चर्चा आहे, तिच्यात वाणीचे प्रयोजन आपल्याला झालेला बोध दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे हे सांगितले असून, ती वाणी फसवणारी, भ्रमातून आलेली किंवा काहीच न कळवणारी नसावी, आणि ती प्राणिमात्राच्या उपकारासाठी असावी, अपकारासाठी नसावी, अशा दोन अटी घातल्या आहेत. हा विचार वाणीपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही, कारण बनवलेली वस्तूही काही सांगत असते. मागच्या पत्र्यातून बाहेर आलेली कर्ण्याची तोंडे पाहणाऱ्याला सांगतात की ही गाडी जीटी म्हणून जन्मली.

१९६५ आणि १९६६ च्या मस्टँगच्या अनुक्रमांकात इंजिनाचा संकेत असतो, पण गाडी जीटी आहे की नाही हे नोंदलेले नसते. म्हणून पारखी लोक गाडीखाली जाऊन मागच्या चौकटीच्या दांड्यांवर कारखान्यात जोडलेल्या मजबुतीच्या पट्ट्या शोधतात. या पट्ट्या जीटीच्या नळ्या लटकवण्याच्या जागी असत. नळी गंजून गेली तरी तिचा आधार साक्षीला उरतो. त्यामुळे साध्या व्ही-८ गाडीला कर्णे बसवणे आणि तिच्या चौकटीवर तशा पट्ट्या नव्याने जोडणे ही दोन कृत्ये एका मापाने मोजता येणार नाहीत. पहिले कृत्य हौस आहे. ते उघडपणे केले, विचारणाऱ्याला खरे सांगितले, तर त्यात कुणाची फसवणूक नाही. दुसरे कृत्य पुरावा बनवण्याचे आहे, आणि ते आजच्या मालकाने निरागसपणे केले तरी पुढच्या प्रत्येक मालकाला खोटे सांगत राहते. सत्याच्या दृष्टीने साध्या गाडीला सर्वांत शोभणारी रचना ती, जी पत्रा न कापता, जुन्याच आधारांवर बसते आणि पुन्हा काढता येते, मग तिची नळी गंज न धरणाऱ्या स्टेनलेस पोलादाची का असेना. द्रव्य बदलण्यात खोटेपणा नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा कलही याच दिशेने आहे: बदललेले भाग ओळखता यावेत, त्यांची नोंद राहावी. वास्तूंसाठी १९६४ मध्ये केलेल्या व्हेनिस सनदेने तर जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनरुज्जीवन थांबले पाहिजे असे आधीच बजावले होते. भारतात २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी देताना ते मूळ रूपात असावे, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट घातली. या शब्दांत नळीचा उल्लेख नाही, आणि म्हणूनच तिचा निर्णय कायद्यापेक्षा मालकाच्या विवेकावर अधिक अवलंबून आहे.

भाष्यातली दुसरी अट, परक्याच्या अपकाराची, नळीच्या बाबतीत अगदी शब्दशः लागू पडते, कारण या भागातून जे निघते ते मालकाच्या वाट्याला सर्वांत कमी येते. या व्ही-८ इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम असा आहे की एका ओळीतले चौथा व दुसरा, आणि दुसरीतले सातवा व आठवा, लागोपाठ पेटतात. त्यामुळे प्रत्येक नळीत धक्के विषम अंतराने येतात आणि तो सुपरिचित गुरगुरता आवाज तयार होतो. दोन नळ्यांना मध्येच आडव्या नळीने जोडले की हा आवाज सौम्य आणि भरीव होतो. सायलेन्सर लहान केला की तो गल्लीभर घुमतो. वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला, आणि आकाश एकच व सर्वव्यापी मानले. ध्वनीच्या शास्त्रात हे मत आज टिकत नाही, पण आवाज कुणा एकाच्या मालकीचा राहू शकत नाही, एवढे त्यातून घ्यावे असे वाटते. धुराचे तर त्याहून कठीण. बाजूने काढलेल्या नळ्या शर्यतीच्या गाडीला साजतात, पण चाकांच्या पुढे संपणारी नळी आपला वायू खिडक्यांच्या जवळ सोडते, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन व मारक असतो. मागच्या आसनावर मुले बसणार असतील, तर नळीचे तोंड गाडीच्या मागच्या टोकापलीकडे नेले पाहिजे, आणि येथे मूळपणाचा कोणताही युक्तिवाद ऐकण्याचे कारण नाही. शेल्बींची रचना कितीही अस्सल असली तरी ती धावपट्टीच्या गरजेतून आली होती.

एक अवघड प्रकार मात्र उरतो. १९६६ मध्येच पहिल्या मालकाने एका नळीच्या गाडीला दोन नळ्या बसवून घेतल्या असतील, तर तिचे मूळ रूप कोणते? कारखान्याच्या दारातून निघाली त्या दिवसाचे रूप प्रमाण मानण्याची सवय विक्रीच्या बाजारातून आली आहे; वस्तूच्या आयुष्याशी तिचा संबंध थोडा आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात वापरलेली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली, तेव्हा ती पुनरुज्जीवित केलेली नव्हती, आणि चित्रीकरणासाठी कॅमेरे बसवायला तिच्यावर केलेले जोडकामही काढून टाकलेले नव्हते. कारखान्याच्या दृष्टीने जे डाग होते तेच तिचे प्रमाणपत्र ठरले. सामान्य मालकाच्या साठ वर्षांपूर्वीच्या बदलाला असे मोल मिळणार नाही, तरी न्याय तोच लागू होतो. तो बदल त्या काळाचा असल्याचे जोडकामावरून, आधारांवरून, जुन्या पावतीवरून दिसत असेल, तर एका नळीकडे परतण्यासाठी तो पुसून टाकणे म्हणजे खरा इतिहास काढून एका कल्पित दिवसाची प्रतिकृती बसवणे होय. त्यामुळे नव्या नळीची मागणी नोंदवण्याआधी गाडी उचलून तिचा तळ नीट वाचावा, जुनी गंजलेली नळी वळणांच्या मापांसाठी जपावी, आणि जे आधार सापडतील त्यांचे छायाचित्र कापाकापी सुरू होण्यापूर्वी घ्यावे.