पाहुणा मासा

मी चिपळूणचा. कोयनेची वीज करून झालेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून आमच्या वाशिष्ठीला येऊन मिळते. तेव्हा माणसाच्या हुकमाने वाहणारी नदी मला नवी नव्हती. तरी मे २०१९ मध्ये ॲरिझोनात कोलोरॅडोच्या पाण्यात बोटे घातली आणि चटकन मागे घेतली. भोवती तापलेले तांबडे कडे, आणि पाणी बर्फासारखे! ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोल जलाशयातून सुटलेले ते पाणी. मोटारबोटीने आम्हांला होडीसकट वरच्या अंगाला नेऊन सोडले होते. तिथून लीज फेरीपर्यंत वल्हवत यायचे.

वाटेत भाच्याने गळ टाकला. गळाला उलटा काटा नव्हता. तिथला नियमच तसा. ट्राउट लागला. "मामा, हात ओला करून धरा." धरला, कुशीवरचा गुलाबी पट्टा पाहिला, सोडून दिला. काही पुण्य केल्यासारखे वाटले, हे कबूल करतो. गळ आमचाच होता, ही गोष्ट वेगळी.

हा मासा मूळचा इथला नव्हे. १९६३ मध्ये धरणाने पाणी अडवले आणि उन्हाळ्यात कोमट होणारी गढूळ नदी नितळ व थंडगार झाली. पुढच्याच वर्षी तीत ट्राउट सोडले. इथल्या कुबड्या चब माशाला मात्र वाढायला ऊब लागते. लीज फेरीच्या खाली सुमारे १०० किलोमीटरवर, लिटल कोलोरॅडोच्या संगमापाशी, तो तग धरून राहिला. ट्राउट तिथेही पोचले आणि त्याची पिले खाऊ लागले. म्हणून २००३ ते २००६ या काळात १९,००० हून अधिक ट्राउट काढून मारले. त्यांचे खत केले.

झुनी लोकांनी या हत्येला हरकत घेतली. ते या दरीला आपली उगमभूमी मानतात आणि पाण्यातल्या जिवांशी नाते सांगतात. हा नुसता भाबडेपणा आहे, असे मला म्हणवत नाही. ज्याला आपण बोलावून आणले, त्यालाच घुसखोर म्हणायचे? पण न मारावे, तर चब मरतो. आणि तेही आपलेच करणे. ज्याने बिघडवले त्याने निस्तरावे, असे मी वर्गात मुलांना सांगतो. इथे निस्तरणारा माणूस, आणि जीव जातो माशाचा.

"मग मारायला नको होते का?" भाच्याने विचारले.

"हवे होते बहुधा," मी म्हणालो. "पण मघाचा तो मासा मला मारायला सांगितला असतास, तर मारवला नसता."

"म्हणजे दुसऱ्याने मारलेला चालला असता."

मी वल्हे उचलले. पाण्याला ओढ होती; वल्हवायची फारशी गरज नव्हती.